२० मायक्रॉनची फिल्म, २५० मायक्रॉनचे पाते: पातळ प्लास्टिक वेगाने कापणे इतके अवघड का?

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि 'मायक्रॉन' हा प्रयोगशाळेतला शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला. पुढे देशपातळीवरच्या नियमांनी हातपिशवीची किमान जाडी आधी ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन ठरवली. याच नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये आणखी एक अट घालण्यात आली, जिची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली. २०२५-२६ पासून लवचिक प्लास्टिक वेष्टनात काही वाटा, सुरुवातीला १० टक्के, पुनर्वापरित प्लास्टिकचा असावा, अशी ती अट होती. असे प्लास्टिक पुरेसे मजबूत असेल का, त्याचा रंग कसा दिसेल, खाद्यपदार्थांसाठी ते सुरक्षित असेल का, हे प्रश्न त्यावर लगेच विचारले गेले. कारखान्यात मात्र त्याआधी एक साधा प्रश्न उभा राहतो: हे प्लास्टिक कापणारे पाते किती वेळ टिकेल?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटतो. दुधाची पिशवी लहान मूलही दातांनी फाडते, मग तिचे प्लास्टिक कापायला पोलादी पात्याला अडचण कसली? ही अडचण कुठे आणि का येते, ते पायरीपायरीने पाहू.

## आधी थोडी मापे

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक ५० च्या आसपास आणि वेफर्सच्या पाकिटातला एकेक थर १२ ते २० मायक्रॉनचा असतो. २५० मायक्रॉनपर्यंतच्या प्लास्टिकला या धंद्यात 'फिल्म' म्हणतात आणि त्यापुढच्या जाडीला 'शीट'. हा लेख मुख्यतः फिल्मविषयी आहे, कारण खरी गोम तिथेच आहे.

इगतपुरीजवळच्या मुंढेगावात आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज व शेंद्रा परिसरात अशी फिल्म बनवणारे मोठे कारखाने आहेत. या धंद्यातल्या मोठ्या मशीनवर फिल्म आठ-दहा मीटर रुंदीचीही निघते. तिच्यावर दोन प्रकारची कापणी होते. पहिली म्हणजे दोन्ही कडांच्या पट्ट्या काढून टाकणे, ज्याला 'ट्रिम' म्हणतात. पोळी लाटताना मधला भाग पातळ होतो आणि कड जाड राहते, तसेच इथे घडते: ताणलेल्या फिल्मच्या कडा चिमट्यांनी धरलेल्या असल्यामुळे त्या ताणल्याच जात नाहीत आणि जाड राहतात. दुसरी कापणी म्हणजे रुंद रोलचे गिऱ्हाइकाला हव्या त्या रुंदीचे अनेक रोल करणे, म्हणजेच 'स्लिटिंग'. दोन्ही कामे फिल्म धावत असताना होतात. हा वेग मिनिटाला काहीशे मीटर असतो आणि आधुनिक स्लिटिंग मशीनवर तो त्याहून बराच वर जातो.

## विळी, कात्री आणि कातणे

फिल्म कापण्याच्या प्रमुख पद्धती तीनच आहेत आणि तिन्ही आपल्या घरात सापडतात.

पहिली विळीची. विळीचे पाते जागचे हलत नाही, भाजी त्याच्याकडे येते. कारखान्यातही दाढीच्या ब्लेडसारखे पातळ पाते एका धारकात पक्के बसवतात आणि फिल्म त्याच्यावरून धावते. पाते स्वस्त असते, बदलायला सोपे असते आणि पातळ फिल्मवर स्वच्छ काप देते. म्हणूनच पातळ फिल्मच्या धंद्यात ही पद्धत सर्वांत जास्त दिसते.

दुसरी कात्रीची. इथे वर आणि खाली अशी दोन गोल पाती एकमेकांना किंचित चाटून फिरतात. कात्रीचा स्क्रू ढिला झाला की पातळ कापड कापले न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडते, हा अनुभव शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला असतो. २० मायक्रॉनच्या फिल्मला तशी फट मिळू द्यायची नसेल, तर दोन पाती सतत एकमेकांना टेकलेली हवीत, पण इतक्या जोराने नव्हे की ती एकमेकांनाच खातील. त्यासाठी वरचे पाते स्प्रिंगच्या किंवा हवेच्या दाबाने खालच्या पात्यावर बाजूने टेकवतात आणि एका अंशाहूनही कमी असे तिरके ठेवतात, म्हणजे स्पर्श एकाच जागी होतो. ही जुळणी जमली तर पाती दीर्घकाळ चालतात. बिघडली तर तासाभरात कडेला कीस दिसू लागतो.

तिसरी पद्धत शंकरपाळ्यांच्या कातण्याची. पोळपाटावर कातणे दाबून फिरवावे, तसे इथे गोल पाते कडक पोलादी रोलरवर दाबतात आणि मधले द्रव्य चिरडून तुटते. चिकटपट्ट्या आणि न विणलेली कापडे यांना ही पद्धत चालते. पातळ, स्वच्छ फिल्मला ती फारशी मानवत नाही, म्हणून तिला इथेच सोडतो.

## केसाहून अरुंद धार आणि तासाला २४ किलोमीटर

विळीच्या पद्धतीतली मुख्य अडचण एका हिशेबातून स्पष्ट होते. फिल्म मिनिटाला ४०० मीटर धावते असे धरू. तासाला २४ किलोमीटर झाले. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जेवढा लांब, तेवढी फिल्म साधारण २९ तासांत त्या एका पात्यावरून जाते.

आता पात्याचा नेमका किती भाग हे काम करतो ते पाहा. फिल्म २० मायक्रॉन जाड आहे. पाते तिच्याशी ४५ अंशांत कललेले असेल, तर धारेचा फिल्मला टेकणारा भाग जेमतेम २८ मायक्रॉन लांब असतो. म्हणजे पाते जरी चार सेंटिमीटर लांब असले, तरी त्या शेकडो किलोमीटरचा सगळा भार केसाच्या जाडीहूनही अरुंद अशा एका ठिपक्यावर पडतो, आणि उरलेली धार कोरीच राहते. फिल्म थोडी फडफडते, त्यामुळे प्रत्यक्षात हा ठिपका जरा पसरतो, पण फार नाही. वापरलेले पाते भिंगाखाली धरले, तर धारेवर एकाच जागी बारीक खाच दिसते.

यावरचा उपाय कल्पक आहे. पात्याचा धारक एका जागी न ठेवता तो संथपणे पुढेमागे सरकत ठेवतात. पाते १० मिलिमीटर सरकत असेल, तर तीच झीज कागदावर तरी साडेतीनशे पट जास्त धारेवर वाटली जाते. गोल पात्यांत ही वाटणी आपोआप होते: १०० मिलिमीटर व्यासाचे पाते फिल्मच्या ४०० मीटरच्या वेगाने फिरले, तर सेकंदाला सुमारे २१ फेऱ्या होतात आणि परिघाचा प्रत्येक भाग फेरीतून एकदाच कामाला येतो.

## पण मऊ प्लास्टिक पोलादाला झिजवेलच कसे?

हा आक्षेप रास्त आहे. पात्याचे पोलाद प्लास्टिकपेक्षा कितीतरी कठीण असते. पण जुन्या विहिरींच्या काठाचे दगड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दोराने पडलेल्या खोल खाचा आठवतील. दोर मऊ आणि दगड कठीण होता. पण दोर रोज नवा भाग पुढे करत होता आणि दगडाची जागा मात्र तीच होती. आपल्या पात्याची स्थिती त्या दगडासारखीच आहे.

त्याशिवाय आणखी दोन कारणे आहेत. पहिले असे, की प्लास्टिक क्वचितच निव्वळ प्लास्टिक असते. फिल्म पांढरी दिसावी म्हणून तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, रोलमध्ये थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सिलिकाचे सूक्ष्म कण घालतात, काही फिल्ममध्ये कॅल्शियम कार्बोनेट असते. यांतले पहिले दोन पदार्थ चांगलेच कठीण आहेत. मेथीच्या जुडीत रेती राहिली तर विळीची धार मेथीमुळे जात नाही, रेतीमुळे जाते. म्हणूनच एकाच मशीनवर पारदर्शक फिल्मला पुरणारे पाते पांढऱ्या फिल्मवर लवकर बोथट होते.

दुसरे कारण अलीकडे जास्त स्पष्ट झाले. दाढीचे पाते केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही बोथट का होते, याचा शोध अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी घेतला आणि २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. केस धारेवर वाकून तिरका दाब देतो तेव्हा, पोलादाची अंतर्गत रचना जिथे एकसारखी नसते त्या जागी, धारेचा बारीक टवका उडतो, असे त्यांना दिसले. म्हणजे धार केवळ घासून गुळगुळीत होत नाही, ती तुटतेही. प्लास्टिक म्हणजे केस नव्हे. तरी पाते निवडताना 'पोलाद किती कठीण' याबरोबर 'पोलाद किती एकसारखे' हेही विचारायला हवे, हा त्यातला मुद्दा इथेही लागू पडतो असे मला वाटते.

## पाते फिल्मपेक्षा बारा पट जाड आहे

पात्याच्या रचनेतला हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. या कामाची पाती ०.२ ते ०.४ मिलिमीटर जाडीची असतात. २५० मायक्रॉनचे पाते घेतले, तर ते २० मायक्रॉनच्या फिल्मच्या बारा पटींहून जाड झाले. धारेने फिल्म दुभंगल्यावर दोन्ही बाजूंना लगेच एवढ्या जाडीला वाट करून द्यावी लागते. फिल्मच्या त्या दोन्ही कडा बाजूला सरकतात, चुरगळतात किंवा वर उचलल्या जातात. कापण्याचा प्रश्न धारेने केव्हाच सोडवलेला असतो. उरतो तो धारेमागच्या पाचरीचा.

मग पाते आणखी पातळ का करू नये? कारण पातळ पाते धारकाबाहेर जरा जास्त आले की लवते, थरथरते आणि कड नागमोडी होते. पाचरीचा कोन फार लहान ठेवला तर टोक नाजूक होऊन टवके लवकर उडतात. म्हणून चांगल्या पात्याला एकच उतार नसतो. टोकाशी थोडा बोथट कोन, त्यामागे सडपातळ कोन आणि मग पात्याचा सपाट भाग, असे दोन-तीन उतार एकापुढे एक घासलेले असतात. टोक टिकते आणि मागचा भाग फिल्मला फार फाकवत नाही.

याखेरीज एक युक्ती अशी आहे, जिला पैसाही लागत नाही. घाटात रस्ता डोंगरावर सरळ चढवत नाहीत, तिरका नेतात. डोंगराचा उतार तोच राहतो, पण गाडीला लागणारा चढ कमी होतो. पाते फिल्म धावते त्या दिशेत तिरके कलवले की नेमके तेच घडते. सरळ उभे धरलेले, २० अंशांच्या पाचरीचे पाते ६० अंश कलवले, तर फिल्मच्या वाटेवर ती पाचर जवळजवळ १० अंशांची होते. त्याची किंमतही मोजावी लागते: पात्याच्या बाजू फिल्मला अधिक घासतात आणि फिल्म धारेवरून वर चढू पाहते, म्हणून तिचा ताण नीट राखावा लागतो. माझा अनुभव असा की कापाची तक्रार आली की लोक आधी पात्याचा ब्रँड बदलतात आणि धारकाचा कोन सर्वांत शेवटी पाहतात. क्रम उलटा असावा.

## कडेचा एक मायक्रॉन, रोलचे पाच मिलिमीटर

घर्षणातून उष्णता निर्माण होते. समजा पात्यावर फिल्मचा ओढ फक्त १ न्यूटन, म्हणजे साधारण १०० ग्रॅम वजनाएवढा आहे. मिनिटाला ४०० मीटरच्या वेगाने ही सुमारे ७ वॅट शक्ती होते. एका लहान एलईडी दिव्याएवढी ही शक्ती. पण ती धारेच्या त्या सूक्ष्म टोकाभोवती एकवटलेली असते. प्लास्टिक उष्णता फार सावकाश वाहून नेते, त्यामुळे तापलेला थर कडेलाच राहतो. पाकिटांत वापरले जाणारे पॉलिप्रॉपिलीन १६० अंश सेल्सियसच्या पुढे वितळते, दुधाच्या पिशवीतले पॉलिएथिलीन ११० च्या आसपासच. त्याआधी ती मऊ पडतातच. मऊ पडलेली कड पात्याच्या बाजूने घासून दुमडते आणि थंड होताना तिथे बारीकशी उंच किनार उरते.

ही किनार एका थरात डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते रोल गुंडाळल्यावर. जरीच्या काठाच्या साड्यांची चळत रचली की काठांची बाजू मधल्या भागापेक्षा उंच होत जाते, तसाच हा प्रकार आहे. गाभ्यावर २० मायक्रॉनच्या फिल्मचे १०० मिलिमीटर जाड वेटोळे म्हणजे ५,००० थर. प्रत्येक थराची कड एका मायक्रॉनने उंच असेल, तर सैद्धांतिक हिशेबाने कडेला ५ मिलिमीटरचा फुगवटा आला. प्रत्यक्षात हवा आणि ताण यांमुळे तो कमी भरेल, पण रोलची कड फिल्मला कायमची ताणून सैल करण्याइतका नक्कीच. मग छपाईच्या मशीनवर ती कड लहरते आणि रंग जागेवर बसत नाहीत.

फिल्मच्या कडेवरच्या बारीक चिरेचे परिणाम याहून वाईट असतात. चिवड्याचे पाकीट नुसते ओढून फाटत नाही, पण कातरलेल्या कडेपासून ओढले की एका झटक्यात फाटते, कारण ताणून बनवलेल्या फिल्ममध्ये चीर सुरू होणे अवघड आणि पसरणे सोपे असते. बोथट पात्याने कडेला सोडलेली प्रत्येक बारीक चीर म्हणजे पुढच्या मशीनवर अर्धा किलोमीटर फिल्म फाटण्याची सुरुवात असू शकते.

## मग सर्वांत कठीण पाते का वापरत नाहीत?

वापरतात, पण सरसकट नाही. साध्या कार्बन पोलादाच्या पात्याला अत्यंत बारीक धार येते आणि ते स्वस्त पडते. पण लवकर झिजते. त्याच्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप दिला तर पृष्ठभागाची कठीणता कितीतरी वाढते. परंतु लेपालाही जाडी असते आणि तो जाड झाला की टोकच गोल होते. टंगस्टन कार्बाइडचे पाते पोलादापेक्षा अनेक पटींनी जास्त टिकते, उष्णताही चांगली वाहून नेते, मात्र ते ठिसूळ असल्याने लावताना धारकाला आपटले की टवका उडतो. झिर्कोनियाचे सिरॅमिक पातेही दीर्घकाळ धार धरते. पण सिरॅमिक स्वतःच उष्णतेचे वाईट वाहक असल्यामुळे टोकाशी निर्माण झालेली उष्णता पात्यातून निघून जात नाही, आणि सहज मऊ पडणाऱ्या फिल्मवर हे अंगाशी येऊ शकते.

## पाते स्वस्त आहे, मग बदलत राहायला काय हरकत?

बहुतेक ठिकाणी तेच करतात आणि ते चुकीचे नाही. प्रश्न वेळ साधण्याचा असतो. बोथट पाते अचानक काम थांबवत नाही. कापत राहते, फक्त हळूहळू वाईट कापते. त्याची खूण म्हणून कडेला केसासारखे प्लास्टिकचे धागे आणि पांढरी पूड दिसू लागते. ते दिसेपर्यंत काही रोल खराब झालेले असतात. म्हणून पाते बिघडण्याची वाट न पाहता ठरावीक किलोमीटरांनंतर ते बदलणे शहाणपणाचे, आणि पांढऱ्या, पारदर्शक व पुनर्वापरित फिल्मसाठी हे आकडे वेगळे ठेवणे त्याहून शहाणपणाचे. पाते बदलताना बोट कापण्याचा धोकाही असतो, त्यामुळे वारंवार बदलणे हे केवळ पात्याच्या किमतीवर मोजता येत नाही.

## लेसरने हा सगळा त्रास संपणार नाही का?

लेसरला धार नसते, म्हणून झीज नाही, हे खरे. लेबले कापण्यासाठी आणि फिल्मवर सूक्ष्म छिद्रे पाडण्यासाठी तो वापरलाही जातो. पण लेसर वितळवून कापतो, म्हणजे ज्या उंच किनारीला आपण टाळत होतो ती तो जवळजवळ हमखास निर्माण करतो. शिवाय नेहमीच्या कार्बन डायऑक्साइड लेसरचे १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचे किरण पॉलिएथिलीन फारसे शोषत नाही. पॉलिप्रॉपिलीनसाठी म्हणूनच १०.२ मायक्रॉनचा वेगळा लेसर घेतात. पीव्हीसी कापताना तर हायड्रोजन क्लोराइडसारखा घातक वायू निघतो. जोवर सरळ रेषेत, प्रचंड वेगाने आणि थोडक्या खर्चात कापायचे असेल, तोवर पाते राहणार.

## पुनर्वापरित फिल्ममध्ये काय बदलते

पुनर्वापरित प्लास्टिक कितीही धुतले आणि गाळले तरी त्यात जुन्या छपाईच्या शाईतले टायटॅनियम डायऑक्साइड, धुळीतली सिलिका आणि नीट न वितळलेल्या प्लास्टिकच्या गाठी काही प्रमाणात राहतात. कठीण कण धार झिजवतात, तर गाठी तिला अचानक धक्का देतात. एकाला उत्तर कठीण पाते हे आहे आणि दुसऱ्याला चिवट पाते, आणि या दोन गुणांचे आपसात फारसे पटत नाही. त्यामुळे इथे रचनाकार टोकाचा कोन थोडा वाढवतो, सरकता धारक अनिवार्य मानतो, आणि नव्या पात्याच्या धारेची तीक्ष्णता थोडी कमी असली तरी चालवून घेतो, कारण पहिल्या तासाला मिळणाऱ्या कापापेक्षा आठव्या तासाला मिळणारा काप महत्त्वाचा असतो.

एक गोष्ट मात्र पात्याच्या निवडीतच ठरते. कापलेली ट्रिम फेकली जात नाही; हवेच्या झोताने खेचून, तुकडे करून ती पुन्हा मशीनमध्ये वितळवली जाते. पात्याचा तुटलेला तुकडा या वाटेने पुढच्या फिल्ममध्ये जाऊ शकतो. पोलादाचा तुकडा वाटेतल्या चुंबकाला सापडतो. झिर्कोनियाचा तुकडा चुंबकालाही सापडत नाही आणि धातुशोधकालाही नाही. त्यामुळे खाद्यपदार्थांच्या वेष्टनाची फिल्म बनवणाऱ्या शिस्तीच्या कारखान्यात पाती मोजून दिली जातात आणि मोजून परत घेतली जातात, आणि एखादे तुटले तर त्याचे सगळे तुकडे टेबलावर जुळवून पाहिल्याशिवाय मशीन पुन्हा सुरू होत नाही.